वारुळापाशी पुरलेला मोर

२ फेब्रु., कळंब
पुस्तकाचं प्रकरण तीन अडलं. माझे फ्रेंच बुवा, निसर्गाचे अभ्यासक, सोळाव्या शतकात मिळेल तो पक्षी फाडून बघायचे. माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा शेजारी मांडून त्यांनी दाखवलं, आपला हात तोच त्याचा पंख. मी बारावीला बायॉलॉजी शिकवते, बुवांवर पुस्तक लिहिते, आणि पक्ष्याचं हाड कधी हातात धरलेलं नाही. लाज वाटते.
संध्याकाळी तांड्यावरचे परसरामभाऊ पोतं घेऊन दारात. आत मोर, त्यांच्या शेतावरच्या विजेच्या तारांत सापडून मेलेला. मेलेला पक्षी दिसला तर सांगा, असं मीच म्हटलं होतं. मोर जवळ ठेवणं गुन्हा, हे दोघांनाही ठाऊक. मोह आवरला नाही. पिसारा मी उपटला, तो भाऊंनी नेला. मोर भोकं पाडलेल्या रांजणात घालून परसात वारुळापाशी पुरला. मांस मुंग्या संपवतील.

११ मार्च
फॉरेस्टवाल्यांनी परसरामभाऊंना नेलं. घरात पिसारा सापडला, झडलेला नव्हे, उपटलेला. मोर कुठेच नाही. म्हणजे मारून खाल्ला, असं त्यांचं म्हणणं. तांड्यावरचा माणूस म्हटल्यावर त्यांना आणखी काय लागतं! राग येतोय. भीती त्याहून जास्त.

१२ मार्च
भाऊंची बायको सोनाबाई आली. रडली नाही. मोर आणला होता ते पोतं परत मागितलं. मग म्हणाली, "तुमचं नाव त्यायनं घेतलं नाही बाई. तुमी बी घेऊ नका." चहा न घेता गेली.
दिनेशला सगळं सांगितलं. नवरा कचेरीतला, कायदा आधी आठवतो. हाडं राजूरकडे खाणीत टाकून येऊ म्हणाला. "नोकरी जाईन ना तुझी. काहून मधात पडून राह्यली तू?" कुणीच जेवलं नाही.

१३ मार्च, सकाळ
रांजण उकरला. हाडं स्वच्छ. एकेक ओळखत गेले, बुवांच्या चित्रावरून. उजव्या पंखाचं मोठं हाड काळं पडून तडकलेलं. छर्रा नाही, सुरीची खूण नाही. तारेनेच मेला. भाऊ सुटतील. आणि मी...
बुवांना रस्त्यात कुणीतरी ठार मारलं. कुणी, कशासाठी, कधीच कळलं नाही. बघणारं कुणीतरी असेलच की, मग बोललं का नाही, म्हणून ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा किती चिडले होते मी.

दुपार
फॉरेस्ट ऑफिसचं बाकडं. हाडं बिस्किटांच्या डब्यात, मांडीवर. दिनेश बाहेर गाडीत, आत यायला तयार नाही. साहेब जेवायला गेलेत. समोर परसरामभाऊ, दाढी वाढलेली. मला बघून मान खाली घातली. गार्डने विचारलं, "या बाईले वळखते का?"
भाऊ म्हणाले, "कोन बाई? म्या नाही पाह्यलं यायले कधी."
साहेबांची जीप आवारात शिरली. डब्याचं झाकण घट्ट बसलंय, मलाच ते उघडायचंय.