फोटोतली नवरी

सुहासदादा, जय भीम.

तुझ्या लग्नात डीजे लागला आणि माझी अर्धशिशी उठली. मी अंधाऱ्या खोलीत उलट्या करत पडले, म्हणून तुमच्या एकाही फोटोत मी नाही.

माझ्या लग्नात मी डीजे ठेवला नाही. "सुदुंबऱ्यात लोक हसतील, मी न्हाई येनार," म्हणालास आणि खरंच आला नाहीस.

जागरणानं आणि उपाशी राहिल्यानंही माझं डोकं उठतं, म्हणून हळदीला जागरण केलं नाही. सकाळी नवरीनं उपाशी राहायचं असतं, पण मी रोजच्या वेळेला भाकरी खाल्ली. मावश्या कुजबुजल्या, मी दुसरी मागितली. लग्नातल्या बुद्धवंदनेत माझाच आवाज मोठा होता.

हे पत्र पाठवणार नाही, फोटो पाठवते. प्रत्येकात मी हसतेय. शेजारी तुझ्यासाठी जागा सोडली होती, तीही आलीय.

तुझी,
पायल