देवीची पायली

केदारखेडा,
२२ फेब्रुवारी १९९४

प्रिय ताराताईस,

उमाचा नमस्कार. इथे सगळे बरे आहेत. दीनानाथ भाऊजींचा खोकला कमी झाला का? ज्वारी घरात आली. गिरिधर रविवार संपवून बदनापूरला कामावर गेले.

मला खळ्यावर एक गोष्ट सापडली आहे. आधी तेवढीच लिहिते.

माझा विषय तू लोकांना सांगतेस, "ती जर्मनीत जुनं गवत मोजते." बरोबरच आहे. आठ-नऊशे वर्षांपूर्वी तिकडच्या शेतांत धान्याबरोबर काय काय उगवत होतं आणि ते कधी कमी झालं, हे मी शोधते. माझ्याकडे एका मठाचं कोठार आहे. ते दोनदा जळालं. जळालेलं धान्य कोळसा होऊन टिकतं, त्यात मिसळलेलं तणाचं बीही टिकतं. पहिल्या आगीच्या थरात मला चाळीसच्या वर जातींचं बी मिळालं. दीडशे वर्षांनंतरच्या थरात नऊ. मी लिहिलं, या काळात शेतातली विविधता गेली. नवे नांगर, जंगलतोड, सगळी कारणं दिली. तीन वर्षं त्या एका वाक्यावर उभी होते.

शनिवारी सासूबाई देवीची पायली काढत होत्या. बाकीची ज्वारी मळणीयंत्रातून निघते. पण पिंपळगावच्या रेणुकामातेला पायलीभर ज्वारी जाते, ती अजून काठीनं बडवतात, सुपानं पाखडतात आणि पुन्हा पुन्हा चाळतात. तिच्यात दुसरा दाणा चालत नाही. मजुरांना मात्र राशीतून तशीच दिली, कचऱ्यासकट. मी चाळणीखाली कागद धरून पडेल ते गोळा करत होते. कुर्डूचं बी, तांदुळज्याचं, चिघळीचं. सगळं बारीक.

सासूबाई म्हणाल्या, "लोकं दाणे घेऊन जातेत, तू कचरा घेऊन चालली का?"

"हा माझा अभ्यास आहे, आई."

"मंग जर्मनीला कशाला गेल्ती? इथं काय कमी कचरा हाय?"

बाया हसल्या. मीही हसले आणि पायलीत हात घातला. सासूबाई ओरडल्या, "हात काढ! देवीचं हाय ते."

तोवर मी पाहिलं होतं. पायलीत फक्त हरणखुरीचं बी उरलं होतं. ते ज्वारीएवढंच असतं. चाळणीतून पडत नाही, सुपातून उडत नाही. ते त्या शेवटी हातानं वेचणार होत्या.

ताई, माझ्या त्या नऊच्या नऊ जातींचं बी तिकडच्या धान्याच्या दाण्याएवढं आहे! मीच मापं घेतली आहेत, मीच तक्ते केले आहेत. शेत गरीब झालंच नसेल. दुसऱ्या थरातलं धान्य देवाचं असणार. कुळांनी मठाचा वाटा चाळून दिला असणार. पहिलं धान्य राशीतलं, दुसरं पायलीतलं. तण शेतात तसंच उभं असेल आणि मी ते कोठारात शोधत बसले. आपल्या घरी ज्वारी पोत्यातून यायची, स्वच्छ. खळं मी कधी पाहिलंच नव्हतं. जे कोठारात तेच शेतात, असं धरून चालले.

तीन वर्षांचं प्रकरण कोसळलं आणि मला नाचावंसं वाटत होतं.

काल भोकरदनला जाऊन प्राध्यापकांना फोन लावला. त्यांनी नऊच्या नऊ बियांची मापं एकेक करून विचारली. बूथमधला मीटर पळत होता. मग म्हणाले, आता शेताचा पुरावा शेताजवळच शोधायला हवा. मठाच्या पलीकडे दलदल आहे. तिथला चिखल काढायचा. शिष्यवृत्ती दोन वर्षं वाढवून मिळेल. मी हो म्हटलं. वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. दोन खोल्यांची जागा मिळते. समोरच शाळा आहे.

चिखलाचं सांगते. लांब नळी खाली दाबतात आणि चिखल अखंड वर काढतात. दरवर्षी वाऱ्यानं आलेले परागकण त्यात एकावर एक बसलेले असतात. शेतातले, रानातले, कुणी न चाळलेले. वरून खाली वाचत जायचं. मला झोप येत नाही, इतकं ते मला आत्ता हवं आहे.

शाळेचं उगीच लिहिलेलं नाही.

येत्या डिसेंबरात कायमची परत येते, असं मी म्हणाले होते. ते होणार नाही. गिरिधरना तिथूनच फोन केला, ते बिनपगारी रजा घेऊन येतो म्हणतात. रेणूला आम्ही बरोबर नेणार आहोत. जूनमध्ये. तोवर मी इथेच आहे.

हे जालन्याला येऊन सांगायला हवं होतं. पण तू तिच्या पहिलीच्या गणवेशाला बटणं लावत असशील, आणि मी परागकणांबद्दल बोलून परत येईन.

ती अडीच वर्षांची असताना मी तिला तुझ्याकडे ठेवून गेले. ताराला मूल नाही, ती जीव लावील, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. तेव्हा त्यानं सोपं झालं होतं.

तू नको म्हणालीस तर मी काय करीन, मला माहीत नाही. चिखल मला सोडवणार नाही. तिला पुन्हा ठेवून जाणंही जमणार नाही.

तुझ्या उत्तराआधी मी तिच्याशी काही बोलणार नाही.

उमा


जालना,
२ मार्च १९९४

चि. उमास आशीर्वाद.

पत्र मिळालं. ह्यांचा खोकला गेला. चाळणीचं ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "तीन वर्षं चुकली आणि एवढी खूश?" मी म्हटलं, लहानपणापासून तशीच आहे. मलाही ते वाचून आनंद झाला. खरंच झाला.

पुढचं वाचून दाखवलं नाही.

दोन दिवस मी तुला नको म्हणत होते. स्वयंपाकघरात, मोठ्यानं. तिसऱ्या दिवशी रेणूला विचारलं. तू माझ्या उत्तरासाठी थांबलीस, पण जायचं तिला आहे.

"तिथं बर्फ हाय?"

"आहे."

"पप्पा येणार?"

"येणार."

"तू?"

"मी नाही."

ती पाटी पुसत बसली. पाटीवर काही नव्हतं. मग म्हणाली, "मंग माझी वेणी कोन घालणार?"

"तुझी आई."

"तिला येते?"

मी खोटं बोलले नाही. येत नाही, शिकेल, म्हणाले.

"अन् दुखलं तर?"

"तर ओरडायचं. आई आहे ती."

केस दाट आहेत तिचे. घाई केली तर गुंततात, आणि ती रडत नाही, नुसती मान ताठ करते. ते ओळखता यायला हवं.

रविवारी ये. एकटी ये. वेणी एका दिवसात जमणार नाही, तेव्हा जूनपर्यंत दर रविवारी ये.

तुझी,
ताई