बाळाच्या टोपीसाठी धागा

प्रिय नेस्तोर,

फोनवर तू "हं, बरं" म्हणतोस आणि फोन आमच्या सुनेच्या, योवानाच्या हातात देतोस, म्हणून हे पत्र. उद्या सकाळच्या होडीने ते पुनोला जाईल आणि तिथून बसने तुमच्या अरेकिपाला. सोबत एक पुडकं आहे, पण आधी हे वाच. आपल्या घरात बाळाची पहिली टोपी बापाने विणायची असते, हे तुला ठाऊक आहे. तू अकरा वर्षांत सुयांना हात लावलेला नाहीस, हे मला ठाऊक आहे. "दुकानातून आणू एखादी," असं तू आईला म्हणालास. त्या दिवशी तिच्या हातून सूपमध्ये दोनदा मीठ पडलं. जूनमध्ये, आपल्याकडच्या ऐन हिवाळ्यात बाळ येणार आणि त्याच्या डोक्यावर आपल्या माणसाच्या हातचं काहीच नसणार, हे मला सहन होईना.

म्हणून मी योवानालाच विचारलं, मी विणली तर चालेल का. ती म्हणाली, "चालेल की, बाबा! पण टोचायला नको, आणि मशीनमध्ये धुता आली पाहिजे. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून आल्यावर मी लोकर चोळत बसणार नाही, आधीच सांगते." पोरगी सरळ बोलते, मला आवडलं. पण बावन्न वर्षं विणतोय मी, आणि मऊ म्हणजे नेमकं किती मऊ, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. एकदा पडल्यावर मात्र झोपेतही सोडेना.

हाताने चाचपून काही कळेना. बटाटे काढून काढून माझे तळवे घट्ट्यांनी भरलेत. विणताना आपला धागा मानेभोवतीच असतो, तेव्हा मानेलाच पंच नेमलं. आधी तुझ्या आईने कातलेली लोकर घेतली. चार ओळींत मान खाजायला लागली. म्हणजे ती इतकी वर्षं खाजतच असणार, मला पत्ता नाही! हे तिला सांगायची चूक केली. "बावन्न वर्षं नाही टोचली ती," ती म्हणाली, "आता नातवंड येणार म्हटल्यावर म्हाताऱ्याला नवरीची कातडी फुटली!" दोन दिवस तिने चातीला हात लावला नाही.

मग पुनोच्या बाजारात धागे विकणाऱ्या ग्रिमाल्दाबाईच्या दुकानात जाऊन बसलो. तिच्याकडे "बेबी अल्पाका" म्हणून धागा आहे. मी विचारलं, अल्पाकाच्या पिल्लांची लोकर कातरतात की काय? ती खो खो हसली. "अहो काका, ते बारीक तंतूचं नाव आहे. पिल्लाचंच हवं असं काही नाही. म्हाताऱ्यांतसुद्धा मऊ निघतात काही!" तिच्याकडून चार धागे घेतले: हा अल्पाका, सुती, अॅक्रेलिक आणि गिरणीत धुऊन-शिजवून न आटणारी केलेली मेंढीची बारीक लोकर. तिथेच पायरीवर बसून चारही धाग्यांचे चार तुकडे विणले आणि माझी चुलतबहीण रेमेदिओस खानावळ चालवते, तिच्या धुलाई मशीनमध्ये टाकले. काचेसमोर खोकं ओढून बसलो. आत काय होतं ते पाहायचं होतं. रेमेदिओस जाता-येता म्हणे, "भाऊ, सिनेमा आवडला का? मध्यंतरात चहा आणू?"

अल्पाका बाहेर आला तो घोंगडीचा तुकडा होऊन. सुती चांगला धुतला गेला, पण संध्याकाळपर्यंत ओला आणि थंड राहिला. अॅक्रेलिक जसाच्या तसा होता, पण मानेला घाम आणतो. गिरणीची लोकर मात्र होती तेवढीच राहिली आणि उलट मऊ झाली. खात्री पटावी म्हणून ती दहा वेळा धुतली. शेवटी रेमेदिओसने साबणाचा डबा काढून घेतला.

घरी येऊन मोठ्या हौसेने टोपी विणली. शेजारच्या सेलियाची तान्ही आहे, तिच्या डोक्यावर घालून पाहिली. पोर किंचाळायला लागली. टोपी काढली तर कपाळावर माझ्या टाक्यांची लाल नक्षी! तुझी आई म्हणाली, "धागा मऊच आहे. हात मेला दगडाचा आहे." मग मी जाड सुया घेऊन विणलं. पुन्हा तेच. तीन वेळा उसवलं. माझा टाका सैल होतच नाही, नेस्तोर.

तिसऱ्यांदा उसवताना मला तू विणलेली टोपी आठवली. तू सोळा वर्षांचा होतास. चांगल्या टोपीतून पाणी गळत नाही, ही आपली जुनी कसोटी, म्हणून तुझ्या काकांसमोर मी तिच्यात तांब्याभर पाणी ओतलं. ते सगळं खाली आलं. सगळे हसले, सगळ्यांत मोठ्याने मी. वर ती टोपी तुझ्यासमोर उसवली आणि म्हणालो, बापाचं नाव घालवलंस. पुढच्या महिन्यात तू शहरात गेलास. उसवताना ती हाताला किती मऊ लागली होती, हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी मी उसवतच राहिलो.

मी चुकलो, बाळा. आईने सांगितलं म्हणून लिहीत नाही, मला वाटतं म्हणून लिहितो. ग्रिमाल्दाला, रेमेदिओसला, दिसेल त्याला मी विचारत सुटलो, फक्त तुला कधी काही विचारलं नाही. पुडक्यात विणलेलं काही नाही, नुसता धागा आहे आणि सायकलच्या तारांच्या पाच सुया. आपल्या घरात बाळाला सोसवेल असा एकच हात आहे, तो तुझा. टोपी तू वीण. नाहीच विणलीस तरी मी रागावणार नाही. पण एवढं मात्र लिहून कळव: अंगठ्याने धागा पुढे लोटल्यावर तू तो ओढून घट्ट करायचासच नाही का? मी रोज करून पाहतो, मला जमत नाही.

तुझाच, अजून शिकणारा,
बाबा