मनोजवेसाठी टाळ्या

सर,

हे पत्र संस्कृतात लिहायला घेतलं होतं. पहिल्याच ओळीत संधी चुकला आणि तुमचं लाल पेन डोळ्यांपुढे आलं, म्हणून मुकाट्यानं मराठीवर आले. माझ्या मराठीतल्या चुकांकडे तुम्ही नेहमी काणाडोळा करायचात, कारण तो पेपर दुसरे सर तपासायचे. शाळेत होते तेव्हा तुम्हाला भ्यायचे, तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुमची थोडी कीव करायचे, आणि आता पन्नाशी उलटल्यावर ध्यानात येतंय की ज्या विषयावर मला बोलायचंय त्यावर ऐकून घेईल असं बारामतीत तुमच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. विषय शर्यतीच्या घोड्यांचा आहे. दचकू नका, मी कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्हाला वाटायचं, शाळेत कुणाला माहीत नाही. सगळ्यांना माहीत होतं. पावसाळा लागला की दर रविवारी तुम्ही एसटीनं पुण्याला जायचात, 'ग्रंथालयात'. एकदा मी आईबरोबर स्टँडवर उभी होते आणि तुम्ही पुण्याच्या गाडीच्या रांगेत, कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्याला चामड्याच्या पाकिटातली दुर्बीण. मी नमस्कार केला. काही विचारायच्या आत तुम्ही म्हणालात, "ग्रंथालय." दुर्बिणीशिवाय वाचता येणार नाहीत इतक्या उंचावर ती पुस्तकं ठेवतात तरी कशी, हा प्रश्न मला पुढे बरेच दिवस पडला होता.

पण त्याच्या आधीचा एक सोमवार मला जास्त लख्ख आठवतो. नववीचा वर्ग. तुम्ही आलात, पुस्तक उघडलंच नाही, फळ्यावर 'अश्व' लिहिलंत आणि म्हणालात, चालवा. खरं तर 'अश्व' हा 'देव'सारखाच चालतो. 'देव' आमचा गेल्या वर्षीच पाठ झालेला, तेव्हा पुन्हा तासभर घोडा चालवायचं काही कारण नव्हतं. आम्ही ओरडून ओरडून चालवला. संबोधनापाशी आलो, "हे अश्व" म्हटलं, की तुम्ही म्हणायचात, पुन्हा. तिसऱ्या खेपेला मागच्या बाकावरून कुणीतरी खिंकाळलं आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. खिंकाळणाऱ्याला तुम्ही काही बोलला नाहीत. माझ्याकडे वळलात. "हाक मारताना हसू नये," एवढंच म्हणालात आणि घंटा होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलात. खिडकीबाहेर सायकलींचं शेड होतं.

त्याचं कारण मला खूप वर्षांनी कळलं, तुमच्या स्वयंपाकघरात. मला शाळेत शिक्षिका म्हणून कायम केल्याचे पेढे घेऊन आले होते. तुम्ही एकटे, एक शेगडी, एक पातेलं, कप मात्र सहा, त्यातले पाच घडी न मोडल्यासारखे. चहा ठेवता ठेवता तुम्ही माझ्याकडे पाठ करून सांगताय. त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, पुण्याच्या रेसकोर्सवर, वळणावर एका घोड्याचा पुढचा पाय मोडला. तो पडला आणि सगळे प्रेक्षक श्वास रोखून उभे राहिले. मग तो आपला आपण उठला, तीन पायांवर. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हायसं वाटलं ना सगळ्यांना. एकटा जॉकी तेवढा लगाम धरून रडत होता, त्याला ठाऊक होतं, असा पाय मोडलेल्या घोड्याला मारावंच लागतं. मग माणसं कापडाचा आडोसा घेऊन धावत आली. "घोडा बरा झाला म्हणून उठत नाही," तुम्ही म्हणालात, "त्याला पडून राहता येत नाही, म्हणून उठतो." पातेल्यात साखर टाकत म्हणालात, "मीही वाजवल्या." मी विचारायला हवं होतं की मग पुढच्या रविवारी पुन्हा का गेलात. पण चहा उतू गेला, तुम्ही फडकं शोधू लागलात, मी गाळणी शोधू लागले, आणि प्रश्न राहूनच गेला.

आता माझी हकिगत. आमच्या इथे एक गादीवाले भाई आहेत. दुकान बारामतीत, मूळ घर निरवांगीचं. त्यांच्या मुलीला मी दहावीला संस्कृत शिकवलं. तिला चांगले मार्क पडले आणि भाई माझ्याकडे गादी घेऊन आले, ती मी घेतली नाही. पुढल्या वर्षी ते घोडी घेऊन आले. म्हणजे फोटो घेऊन. जत्रांमधल्या शर्यतीसाठी तांबडी घोडी आणली होती, डोळ्यांत चमक, कपाळावर पांढरा ठिपका. म्हणाले, "बाई, पोरीला तुमी शिकवलं, आता हिचं नाव बी तुमीच ठिवा. जरा वजनदार पायजे." मी म्हटलं, मनोजवा. मनासारखा जिचा वेग, ती. भाईंना अर्थ फार आवडला. अडचण पहिल्याच मैदानावर आली. माईकवाल्यानं चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि सगळ्या जत्रेला विचारलं, "ह्यो मनोज कोण हाय? मनोज, आसशील तितनं म्होरं ये." त्या दिवसापासून घोडीचं नाव मन्या पडलं. पोरं ओरडायची, "पळ मन्या, पळ." ती पळायची. माझ्यापेक्षा तिचं मन मोठं होतं.

आमच्या यांना जाऊन वर्ष व्हायचं होतं, तेव्हाचं हे. मुलगा बंगळुरात. रविवार हा वार आठवड्यात कशाला ठेवलाय हे मला कळेनासं झालं होतं. भाई म्हणाले, एकदा बघायला तर या. मग मी टेम्पोत पुढे, भाईंच्या बेगमच्या शेजारी, मांडीवर डबा, आणि मागे मन्या. डाळज झालं, काटेवाडी झाली, कुठल्या कुठल्या गावाबाहेरची मोकळी रानं झाली. हजारो पुरुषांत आम्ही दोघी बायका. माईकच्या मांडवाशेजारी आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्या मिळायच्या आणि चहा आधी आमच्याकडे यायचा. ट्रॅक्टर चालवणारी, कारखान्यावर जाणारी पोरं मला येऊन सांगायची, बाई, आज मन्याचा मूड चांगलाय. शाळेतल्या स्टाफरूममध्ये इतकं कुणी कधी माझ्याशी बोललं नव्हतं.

मागच्या थंडीत निरवांगीच्या पुढच्या मैदानावर मनोजवा शेवटच्या टप्प्यात सगळ्यांच्या पुढे होती आणि एकदम खाली गेली. धूळ उडाली. वरचा पोरगा बाजूला फेकला गेला, त्याला फक्त खरचटलं. सगळं मैदान गप्प. आणि मग धुळीतून तिची मान वर येते, अंग वर येतं, ती उभी राहते. पुढचा एक पाय गुडघ्याखाली नुसता लोंबतोय, पण लांबून तो दिसत नाही. लांबून दिसते ती उभी राहिलेली घोडी. शिट्ट्या, टाळ्या, फेटे हवेत. "उठली, उठली!" माईकवाला ओरडतोय, "ह्याला म्हनत्यात जिगर!" माझ्या शेजारच्या बेगमही टाळ्या वाजवताहेत आणि मला हलवून हसताहेत. तेवढ्या सगळ्या गर्दीत एकट्या मला ठाऊक होतं, सर. तुमच्या त्या उतू गेलेल्या चहाच्या वासासकट ठाऊक होतं. इतकं एकटं मला हे गेले त्या रात्रीही वाटलं नव्हतं, तेव्हा निदान सगळे एकाच गोष्टीला रडत होते.

भाई पोचले. तिचं डोकं छातीशी धरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. लई पळालीस. नको हुभी ऱ्हाऊस." इंदापूरहून जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि मान हलवली. पोरांनी टेम्पोवरची ताडपत्री ओढून आडोसा धरला. धरणाऱ्यांतले काही रडत होते आणि ताडपत्रीच्या वरून काहींचे मोबाईल डोकावत होते, आणि दोन्ही करणारेही होते, त्यांचं मला सर्वांत जास्त नवल वाटलं. माईकवरून दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितलं. ती पुरती व्हायच्या आत पुढच्या गटाच्या घोड्यांची नावं पुकारली गेली. इंजेक्शन दिलं तेव्हा पलीकडे शर्यत सुटलेली होती.

त्यांचं दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही. एक पोरगा दोन दिवस जेवला नाही. निरवांगीच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'कै. मनोजवा', आणि त्याखाली शोकाकुल म्हणून गॉगल लावलेल्या बारा जणांचे फोटो, घोडीपेक्षा मोठे. मजकूर छापण्याआधी मोबाईलवर माझ्याकडे तपासायला आला होता. 'हे मनोजवा, परत ये' असं लिहिलेलं. मी कळवलं की आकारान्त स्त्रीलिंगी शब्द, संबोधन 'मनोजवे' होईल. उत्तर आलं, "बाई, तसलं कुणाला कळंल व्हय? लोकं म्हनतील दुसरीच घोडी मेली." मी वाद घातला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला संबोधन चुकलेलं चाललं.

नंतर भाईंच्या दुकानात सगळे जमले. गाद्यांच्या थप्प्यांवर माणसं बसली होती. मैदानात दगड होता, पोरानं चाबूक लवकर काढला, नजर लागली, असं एकेकाचं चाललं होतं. मला म्हणाले, बाई, दोन शब्द बोला. मी बोलले. टाळ्यांचं सांगितलं, तुमचं नाव न घेता. ती जिगर नव्हती, वेदना होती, आणि आपण तिला टाळ्या वाजवल्या, असं म्हणाले. हे आता थांबवा, असंही म्हणाले. कुणी रागावलं नाही. उलट माना हलल्या. भाई चिमटीतला कापूस पिंजत होते. मग हळूच म्हणाले, "थांबवू की, बाई. पर मग रविवारी जायचं कुटं?"

व्याकरणाचा प्रश्न असता तर मला उत्तर आलं असतं.

त्यानंतर ते दुसऱ्यांच्या घोड्या बघायला जात राहिले, पण टेम्पो माझ्या दारात यायचा थांबला. त्यांनी मला वगळलं नाही. त्यांना वाटलं, बाईंना त्रास होतो. मान राखला त्यांनी. मी रविवारी कपाटं आवरली. मुलाचा फोन आला, त्याला सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. वामकुक्षी नावाचा प्रकार करून बघितला, उठले तेव्हा संध्याकाळ तशीच शिल्लक होती. आणि मला त्या स्टँडवरच्या रांगेतले तुम्ही दिसू लागलात. पेढ्यांच्या त्या दिवशी, घरी परतताना, मी तुम्हाला मनातल्या मनात निर्लज्ज म्हटलं होतं. एक घोडा मेलेला डोळ्यांनी बघितला आणि हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून पुन्हा निघाला. तुमच्या घरात तेव्हा रविवारी कोण होतं, हा विचार माझ्या नववीतल्या डोक्यात आला नव्हता. न वापरलेले ते पाच कप बघूनही आला नव्हता.

परवा भाईंचा फोन आला. अकलूजच्या बाजारातून नवी घोडी आणलीय, वयानं लहान आहे, जरा बुजते. नाव ठेवता का, असं विचारायलाही ते कचरत होते. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की नाव मी ठेवणार नाही. शर्यत चांगली नाही, हे माझं मत तेच आहे आणि तेच राहील, हेही सांगितलं. भाई "व्हय, बाई, बरोबर हाय" म्हणाले. फोन ठेवायच्या बेतात होते.

तुम्ही गेल्यापासून हे पत्र टाकायला पत्ता उरलेला नाही, आणि असता तरी पुढची ओळ तुम्ही वाचावी असं मला वाटलं नसतं. मी भाईंना म्हटलं, जरा थांबा, आणि विचारलं, रविवारी किती वाजता निघायचं?