नजरेचं माप

३ जून १९५६, रविवार

आजपासून रोजनिशी. दुकानाला तिसरी पिढी लागली, काहीतरी लिहून ठेवायला हवं. हैदराबादेत काचीगुडा स्टेशनच्या रस्त्यावर शेरवानीचं असं दुसरं दुकान नाही. होतं एक. त्याचा मास्टर आता पडदे शिवतो.

आमची खासियत म्हणजे टेप नाही. वडील म्हणायचे, मोठ्या माणसाच्या अंगाला दोरी लावणं ही बेअदबी. गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायची, चहा द्यायचा, आणि तो कप उचलतो तेवढ्यात खांदा, छाती, बाही नजरेत घ्यायची. ट्रायलसुद्धा नाही. नामदेव मास्टरची, म्हणजे माझी, नजर बापापेक्षा तेज, असं वडील सगळ्यांना सांगायचे. निदान एकदा तरी सांगितलं होतं.

चिरंजीव निवृत्ती गळ्यात टेप घालून दुकानात फिरतो. चोवीस वर्षांचा घोडा झाला. गिऱ्हाइकांसमोर मला लाज वाटते. संकल्प: या वर्षी त्याला नजरेनं माप घ्यायला शिकवायचं.

११ जून

हिमायतनगरच्या एका जहागीरदाराचा मुलगा मोटारीतून आला. त्याला रेशमी बुशशर्ट हवा होता, वर कॉलर मात्र शेरवानीची. कशासाठी, विचारलं. दावतीत घालायला, म्हणाला.

बुशशर्ट! बस स्टँडवर शेंगा खात उभे राहणारे लोक घालतात तो. त्याला खांदा नाही, कंबर नाही, आत एक माणूस आहे की दोन ते कळत नाही. आणि हा तो रेशमात शिवून मागतोय. मी म्हटलं, साहेब, हे दुकान शेरवानीचं आहे. तो हसला आणि गेला. निवृत्ती त्याला मोटारीपर्यंत सोडायला गेला तो बराच वेळ परत आला नाही. पोराला मोटारींची हौस आहे.

२ जुलै

वकीलसाहेबांची शेरवानी परत आली. बटणं जागेवर आहेत, काजं बोटभर खाली गेलीत. त्यामुळे पूर्ण बटणं लावली की साहेब एका बाजूला कललेले दिसतात. कारण उघड आहे: व्होल्टेज. या भागात दिव्याला जोरच नाही. मोठा बल्ब आणून लावला.

तरीही काजांचं काम मकबूलकडे दिलं. मकबूल वीस वर्षं आमच्या मशीनवर बसतो, त्यालाही पुढे जायला मिळायला हवं. आभार मानायचे सोडून तो म्हणाला, मास्टर, आँखां दिखा लेओ एक बार. म्हटलं, तू तुझी सुई बघ.

१९ जुलै

दोऱ्याची क्वालिटी घसरली आहे. सुईत जातच नाही. पूर्वीचा दोरा सुई दिसली की आपण होऊन आत जायचा. तक्रार करणार.

आमच्या मंडळींना, म्हणजे तारामतीला, सकाळी काही काम नसतं. ती डझनभर सुयांत दोरे ओवून गादीला टोचून ठेवते. मी सांगितलेलं नाही. तिची तिलाच आवड.

५ ऑगस्ट

निवृत्तीनं तिकडे कोठीच्या बाजारात दुकान टाकलं! पुस्तकांच्या दुकानाच्या बाजूची एक फळी, दुकान कसलं. तिथे फक्त बुशशर्ट आणि बुशकोट. मला विचारलं नाही. तारामतीला विचारलं होतं. ती नारळ घेऊन गेलीही होती.

मकबूल सांगतो, तिथे मोटारी उभ्या असतात. जहागीरदाराच्या पोरानं तो रेशमी प्रकार शेवटी तिथून शिवून घेतला. दावतीत सगळ्यांनी पाहिला आणि आता हिमरूचे बुशकोट मागताहेत. हिमरू! औरंगाबादचा कारागीर महिनोन्‌महिने विणतो ते कापड, आणि हे त्याला पुढे दोन खिसे लावणार. निवृत्तीचं म्हणणं, बाबा, फॅशन आता खालून वर चढते. मी म्हटलं, पाणी कधी खालून वर चढलंय का? त्यावर त्यानं रस्त्यावरच्या हापशाकडे बोट दाखवलं. उद्धट झालाय.

सहा महिन्यांत परत येईल. त्याची गादी झाडून ठेवायला सांगितली आहे.

६ सप्टेंबर

मोठा विचार सुचला. लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

एक नोव्हेंबरला राज्य बदलणार. हैदराबाद स्टेट संपून आंध्र प्रदेश होणार. म्हणजे नवे मंत्री, नवे सेक्रेटरी, शपथविधी, पार्ट्या. एवढ्या समारंभांना हे लोक काय घालणार? आपल्या राजधानीत येताहेत म्हटल्यावर आपलाच पोशाख घालणार. शेरवानी! पांढऱ्या शार्कस्किन कापडाचे तागे मागवले. मागची खोली वरपर्यंत भरली. तारामती विचारत होती, आता आपण झोपायचं कुठे. दूरदृष्टी बायकांना नसते.

२१ सप्टेंबर

निवृत्ती आला होता. शार्कस्किन बघून डोक्याला हात लावला. म्हणाला, आंध्रच्या राजधानीतून, कर्नूलहून येणारे लोक धोतर नेसतात, नाहीतर बुशशर्ट घालतात. आणि शेरवानी घालणारे आपले मराठी ऑफिसर मुंबई राज्यात चाललेत. तुम्ही शिवणार कुणासाठी?

इथवर ठीक होतं. मग म्हणाला, बाबा, तुम्हाला दिसत नाही.

मला आधी वाटलं, धंद्यातलं दिसत नाही म्हणतोय. नाही. डोळ्यांबद्दलच बोलत होता. मला स्टुलावर बसवून टेपचा आकडा वाचायला दिला. मी वाचला. मकबूलचं मशीन थांबलं, तारामती आत गेली. मग लक्षात आलं, टेप उलटा धरला होता. मी तो घेऊन रस्त्यावर फेकून दिला. म्हटलं, हा दोरीचा धंदा घेऊन पुन्हा माझ्या दारात उभा राहायचं नाही.

टेप न उचलताच गेला. मला भीती वाटली. कशाची, ते कळलं नाही. जेवल्यावर बरं वाटलं.

१ ऑक्टोबर

तारामती मागेच लागली म्हणून कोठीवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हणाले. लगेच ऑपरेशन करा. मग जाड चष्मा. डॉक्टरांनी बुशशर्ट घातला होता, असं तारामती म्हणाली. अशा माणसाच्या निदानावर किती विश्वास ठेवायचा?

तरी हट्टी नाही मी. नोव्हेंबरची गर्दी संपली की करून घेईन. ऐन सीझनमध्ये डोळ्यांवर पट्टी बांधून मास्टर बसला तर दुकान चालवणार कोण?

१२ ऑक्टोबर

सांगत नव्हतो का! ऑर्डर आली! रेव्हेन्यूचे डेप्युटी सेक्रेटरी दत्तात्रयराव. यांच्या वडिलांची आणि आजोबांची शेरवानी याच दुकानातली. त्यांची बदली मुंबईला. एकतीस तारखेला सेक्रेटरिएटमध्ये निरोपाचा चहा आहे, त्यासाठी शेवटची हैदराबादी शेरवानी हवी. शेवटची कशाला, मी म्हटलं, मुंबईलाही पाठवू.

खुर्ची दिली, चहा दिला, कप उचलताना नजरेत घेतलं. साहेब बरेच सुटलेत. छाती वाढलीय, पोटही. वाईट वाटलं. बदलीच्या काळजीनं माणूस खात सुटतो.

मकबूल मध्येच म्हणाला, मास्टर, साब तो वैसेच हैं. त्याला गप्प केलं.

२६ ऑक्टोबर

मकबूल कोठीला गेला. निवृत्तीकडे. जाताना माझे पाय धरले, रडला. म्हणाला, मास्टर, यहाँ काम नक्को है ऐसा नहीं, काम हैच नहीं. मी त्याला सांगितलं, एक नोव्हेंबरनंतर रांग लागेल तेव्हा परत ये, मनात काही ठेवणार नाही.

दत्तात्रयरावांची शेरवानी एकट्यानं पुरी केली. काजंसुद्धा मीच केली, बोटांनी चाचपून. हल्ली शाईपण पातळ येते, म्हणून इथे मोठ्या अक्षरात लिहितो.

३१ ऑक्टोबर

शेरवानी काल घरी पोचवली. दत्तात्रयराव भले माणूस. आरशासमोर उभे राहिले. त्यांची मुलगी हसली आणि कुणीतरी तिला आत नेलं. मग साहेब म्हणाले, मास्टर, ही मी जपून ठेवीन.

आज निरोपाच्या चहाला ते हिमरूच्या बुशकोटात गेले. निवृत्तीनं सकाळी घाईनं शिवून दिला म्हणे. तारामतीनं बातमी आणली. मी म्हटलं, जपून ठेवायची वस्तू कुणी रोज घालतं का? त्यात ते बारा तारखेपासून फार वाळले असणार. बदलीच्या काळजीनं माणसाचं अन्न तुटतं.

१ नोव्हेंबर

राज्य बदललं. दुकान सकाळी लवकर उघडलं, पाटी पुसली, सहा खुर्च्या मांडल्या. तारामतीनं चहाचं आधण ठेवलं.

दुपारी तिनं ते उतरवलं.

आज सुट्टीचा दिवस. लोक उद्या येतील.

४ नोव्हेंबर, दुपारी

दुकानाला अजून वचक आहे याचा आज पुरावा मिळाला. मी एकटाच बसलो होतो. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या मागे ऊन होतं, पण नजर ती नजर: ढगळ अंगरखा, पँटीबाहेर सोडलेला, म्हणजे बुशशर्ट. आडव्या बांध्याचा, वय चाळीसच्या पुढे. काही बोलेना. नुसता बघत राहिला. काम मागायला आलेला शिवणारा असावा, किंवा फुकटात शेरवानी बघायला आलेला.

मी म्हटलं, बुशशर्टवाल्यांचं इथे काही काम नाही. आलात तसे जा, आणि परत येऊ नका.

मग वाकला, पायरीला हात लावला बहुतेक, आणि गेला. चांगलं सुनावलं त्याला. फार दिवसांनी बरं वाटलं.

तारामती सकाळपासून दशम्या करतेय. कुणाच्या प्रवासाला, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

संध्याकाळी

ती स्टेशनवरून परत आली तेव्हा मनमाडच्या गाडीची शिट्टी होऊन गेली होती. पदर डोळ्याला होता, ते आवाजावरून कळलं. म्हणाली, तुम्ही त्याला काय बोललात?

कुणाला?

निवृत्तीला. मुंबईत तयार कपड्यांच्या कंपनीत कटर म्हणून लागलाय, कायमचा. कोठीचं दुकान मकबूलला देऊन टाकलं. तीच म्हणाली होती त्याला, बाबांच्या पाया पडल्याशिवाय गाडीत बसू नकोस. तुमचं ऑपरेशन ठरवून तुम्हाला मुंबईला न्यायला येणार आहे, हेही तो सांगणार होता. दुकानातून परत आला तो तोंडातून शब्द नाही. गाडी सुटेपर्यंत नाही.

मी तिला सांगितलं, ऊन त्याच्या मागून येत होतं. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. ऊन मागून येत होतं हे खरंच आहे. त्यानं बाबा म्हणून एक हाक मारली असती तर.

दाराच्या बाकावर त्यानं पुडकं ठेवलं होतं. दुपारभर मी त्याच्या शेजारी बसून होतो. आत बुशशर्ट निघाला. पॉपलिनचा, चांगल्या प्रतीचा. काजांवरून बोट फिरवलं, सरळ रेघेत आहेत. अंगात घातला. खांदा खांद्यावर बसला, बाही मनगटावर. ढगळ नाही, कुठे ओढत नाही. माझं माप यानं कधी घेतलं? टेप तर मी फेकून दिला होता.

तारामती समोर उभी होती. तिला रंग विचारला.