तिसरं घर

थॉर्नली ब्रिज,
रविवार, ९ मार्च

प्रिय लिॲन,

बरी आहेस ना? आमच्याकडे सगळं ठीक. रॉनचा गुडघा कुरकुरतोय आणि रॉन गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरतोय. ब्रायनीचा खोकला गेला. तू विणलेली टोपी ती घरातसुद्धा काढत नाही, जेवतानाही नाही.

हे पत्र थेट तुझ्या हातात पडणार नाही. आपल्यातली पत्रं कौन्सिलमार्फत जायची आणि आधी त्यांनी वाचायची, हा नियम तुला माहीत आहेच. कौन्सिलच्या तेंडाईला विचारलं तर म्हणाला, "लिहा की, मी वाचून पुढे देतो." तेव्हा तेंडाई, बाबा, तूही वाचतोयस ना? वाच, पण मध्ये काही खोडू नकोस.

गुरुवारी कौन्सिलच्या बैठकीत ठरलं की ईस्टरनंतर ब्रायनी कायमची तुझ्याकडे, आपल्या आईकडे येणार. बाहेर आल्यावर तू मला घट्ट मिठी मारलीस आणि म्हणालीस, "हे सगळं तुमच्यामुळे झालं." ब्रायनी शेजारीच उभी होती, म्हणून मी गप्प बसले. ते माझ्यामुळे झालेलं नाही, पोरी. कुणामुळे झालं ते तुला कळायलाच हवं.

तुझं पिणं सुटलं, तू व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आलीस, मिल रोडला भाड्याचं घर घेतलंस. ही सगळी माहिती कौन्सिलकडे होती. पण ब्रायनीची कामं बघणारी तिथली माणसं टिकतच नव्हती. एक जरा ओळखीची झाली की निघून जायची. मग नवी यायची, माझ्या स्वयंपाकघरात बसायची, चहा घ्यायची आणि कागद काढायची. मुलांच्या मनातलं काढून घ्यायची त्यांची एक ठरलेली पद्धत आहे. मुलानं तीन घरं काढायची. पहिलं काळजीचं, दुसरं छान गोष्टींचं, तिसरं स्वप्नाचं. दर नव्या माणसाला पुन्हा तीन घरं.

ब्रायनी मुकाट्यानं काढायची. तिसरं घर दरवेळी एकच असायचं. खाली दुकान, वर खिडकी, बाजूला पिवळं दार. आणि प्रत्येक बाई म्हणायची, "अगंबाई, किती सुंदर रंगवलंस!" एकीनं तर चित्रकलेच्या क्लासला घाला म्हणून सुचवलं. त्यातलं एक चित्र मी फ्रिजवर लावलं होतं. मला ते एखाद्या गोष्टीतलं घर वाटायचं. तुझं घर मी कुठे पाहिलं होतं? आपली गाठ पडायची ती तुम्हा मायलेकींच्या भेटीच्या केंद्रात, त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

मग सरकारी तपासणी आली. मागच्या खेपेला तपासनिसांनी आपल्या कौन्सिलच्या बालविभागाला सपशेल नापास केलं होतं, त्यामुळे या वेळी सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. भिंती रंगवल्या, कुंड्या आल्या. आमच्यासारख्यांकडे राहणाऱ्या मुलांना तपासनिसांशी बोलायला टाउन हॉलच्या वरच्या खोलीत बोलावलं. गॅरेथ म्हणून कौन्सिलचे एक उत्साही गृहस्थ मुलांचे मेळावे घेतात. त्यांनी पिझ्झा मागवला आणि मुलांना बजावलं, "छान छान काय घडलं ते आठवून ठेवा हं!" आम्ही सांभाळणारी माणसं मागे चहाचे कप घेऊन बसलो होतो.

तपासनीस बाई वेल्समधल्या होत्या, ग्लेनिस नावाच्या. ठेंगण्या, लोकरी जाकीट घातलेल्या, मुलांमध्ये चटकन मिसळणाऱ्या. त्या ब्रायनीच्या टेबलाशी बसल्या, पिशवीतून कागद काढला आणि म्हणाल्या, "चल, आपण तीन घरं काढू या?"

ब्रायनीनं पेन्सिल बाजूला ठेवली. "नको. मी खूप काढलीत."

"बरं. मग काय करू या?"

"तुम्ही तपासायला आलात ना? मग ते घर तपासा. मी दरवेळी तेच काढते. कुणी जाऊन बघितलंय का?"

गॅरेथ लगबगीनं आले. "ब्रायनी, सोन्या, आधी थोडा पिझ्झा खाऊन घे ना."

"पिझ्झा गार झालाय, गॅरेथ."

ग्लेनिसबाईंनी हातानंच त्यांना थांबवलं. "कुठे आहे ते घर?"

"मिल रोडवर. खिळे-स्क्रू मिळतात त्या दुकानाच्या वर. माझ्या आईचं आहे. दार तिनं स्वतः रंगवलंय, मला फोनवर फोटो दाखवला होता. ती बरी झालीय. सगळे विचारतात मला काय हवंय, मी सांगते, मग ते म्हणतात छान रंगवलंस."

लिॲन, आयुष्यभर माझ्या घरी परक्यांची लेकरं आली आणि गेली. रडणारी पाहिली, लाथा मारणारी पाहिली, महिनोन्महिने तोंड न उघडणारी पाहिली. असं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. नळ चालू राहिलाय हे एखाद्यानं सांगावं, तसं सांगितलं तिनं. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली एवढी मोठी माणसं भोवती उभी होती. एवढंसं ते शरीर, बुटाची नाडी सुटलेली, आणि त्या खोलीत त्या क्षणी तिच्याहून मोठं कुणी नव्हतं.

ग्लेनिसबाईंनी कागद पिशवीत परत ठेवला. म्हणाल्या, "चुकलं माझं. मीही तेच करत होते." मग त्यांनी ब्रायनीची सगळी फाइल मागवली, आणि तुझ्या घरी कुणी का गेलं नाही याचं उत्तर थेट विभागप्रमुखांकडे मागितलं. दुसऱ्याच दिवशी नव्यानं आलेल्या तेंडाईनं तुझं दार वाजवलं. तू त्याला म्हणाली होतीस ना, की वाटलं आता भेटीसुद्धा बंद करायला आलेत? तो त्यासाठी आला नव्हता. तुझ्या मुलीनं पाठवलं होतं त्याला.

या खेपेला तपासणीच्या निकालात कौन्सिल एक पायरी वर चढली म्हणे. केक कापला त्यांनी. कापू देत.

आता उरलेलं लिहिते. इतका वेळ मी गुडघा, टोपी, पिझ्झा असं करत टाळत होते.

ब्रायनीला अठरा वर्षांची होईपर्यंत आमच्याकडे ठेवायचं कौन्सिलनं योजलं होतं, हे तुला कळवलं होतं. आम्ही केवळ तयार झालो असं तुला वाटत असेल. तसं नव्हतं. आम्ही मागे लागलो होतो. मागच्या खोलीला तिच्या आवडीचा रंगीत कागद लावून झाला होता, रॉननं सायकल बघून ठेवली होती. तू मला तुझ्या बाजूची समजतेस. मी माझ्याच बाजूची होते गं. त्या खोलीत तिचं बोलणं ऐकून ऊर भरून आला, आणि त्याच वेळी आतून काहीतरी तुटलंही.

काल भांडी पुसताना मी न राहवून तिला विचारलं, "आईकडे जायचंय हे तू मला का नाही गं कधी सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुम्ही मला ठेवून घेणार होतात ना. तुला वाईट वाटलं असतं, लिनमावशी. म्हणून मी बाहेरचं कुणीतरी यायची वाट बघत होते."

पुसलेलीच बशी मी पुन्हा पुसायला घेतली. लिॲन, हे लेकरू किती दिवस मला जपत होतं, आणि मला पत्ताही नव्हता. असं मन तिला कुठून मिळालं, ठाऊक नाही. थोडं तुझ्याकडून नक्कीच आलं असणार.

ती येईल त्या दिवशी आम्ही सामान वर आणून देऊ आणि लगेच निघू. चहाचा आग्रह करू नकोस, मग माझा पाय निघणार नाही. तो दिवस तुमचा दोघींचा. पण त्यानंतरच्या रविवारी मात्र आम्हाला जेवायला बोलाव. साधं काहीही कर. नाही बोलावलंस, तरी मी येणार आहे.

तिच्यावर तुझ्याइतकाच जीव असलेली,
लिनेट