अत-बाशीचा थिजणारा घोडा

अत-बाशी,
सोमवार, ९ ऑक्टोबर

चि. पेरिझात हिस आजोबांचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. आधी बटाटे काढायचे होते. मग गाडीवाल्या ओमुर्झाकच्या घरी लग्न निघाले आणि बिश्केकची गाडी आठवडाभर त्याच्या अंगणात फुले लावून उभी राहिली. फोन का केला नाही, असे विचारशील. फोन मी बंद करून ठेवला आहे. तोही आमच्याच इंटरनेटवर चरतो आणि घरात ते आधीच पुरत नाही, म्हणून हे कागदावर. तुझी आजी बात्मा याला वेडेपणा म्हणते, पण तिला रोज मॉस्कोला तुझ्या आईशी तासभर बोलायचे असते. तेव्हा तिचे मत मोजू नकोस.

तू टोपी घालतेस ना? बिश्केकचा वारा पहाडी वाऱ्यासारखा सरळ नसतो, तो मागून येतो. पाणीही उकळून पीत जा.

आता माझे दुखणे. तू ऑफिसात बसून दिवसभर परक्यांची इंटरनेटची गाऱ्हाणी ऐकतेस, तर घरचे एक ऐक. न्हाणीघराच्या पायरीवरून पडून माझा खुबा मोडला, तेव्हापासून डॉक्टरने घोडा बंद केला. चाळीस वर्षे कोक-बोरूच्या मैदानात बकऱ्यामागे दौडलेला माणूस, पडला तो पायरीवरून! गेल्या हिवाळ्यात किदिराली मास्तरांनी कॉम्प्युटरवरचा कोक-बोरू शोधून काढला आणि आम्ही चौघे म्हातारे दर रविवारी पुन्हा खोगिरावर बसू लागलो. समोर नदीपलीकडचे चार म्हातारे, आपापल्या घरी. मारलेला बकरा घोड्यावरूनच खाली वाकून उचलायचा, मांडीखाली दाबायचा आणि दौडत जाऊन समोरच्यांच्या हौदात टाकायचा. सगळे खऱ्यासारखे, फक्त वास नाही.

पण माझा घोडा थिजतो. मी बकरा उचलतो, टाच मारतो, आणि घोडा एक पाय हवेत धरून उभा. मग एकदम सुटतो, आणि बघतो तर बकरा केव्हाच पलीकडच्या तुर्दुबायच्या मांडीखाली. मधले काही दिसलेलेच नसते. मास्तर म्हणतात, माझा घोडा म्हणजे मैदानात ठेवलेला मिठाचा दगड आहे, बाकीचे घोडे येता-जाता चाटून जातात. बाकीचे दोघे हसले. मीही हसलो, पण जेवण गेले नाही.

बावीस तारखेच्या रविवारी घोडा थिजला तर माझी जागा पोस्टातल्या बेकतेमिरला देणार, असे मास्तरांनी शेवटचे बजावले आहे. पोरी, ती जागा गेली तर मी पुन्हा खिडकीत बसून दुसऱ्यांचे घोडे बघणार.

मी हात बांधून बसलेलो नाही. महाग पॅकेज घेतले. कंपनीचा माणूस म्हणाला, आता शंभर येते. कसले शंभर, ते विचारायला लाज वाटली. छतावरच्या अँटेनाला ताईत बांधला. राउटरची हेळसांड म्हणशील तर मुळीच नाही, घरात त्याच्याइतका मान मलाही नाही. तारेसाठी भोक पाडावे लागले म्हणून तुझी आजी दोन दिवस बोलली नाही, पण ते मिटले.

मी सातवीपर्यंतच शिकलो, तेव्हा समजेल असे लिही. माया आहेच, तीत कमी पडू देऊ नकोस.

तुझा आजोबा,
सादिरकुल


बिश्केक,
गुरुवार, १२ ऑक्टोबर

ती. आजोबांस पेरिझातचा वाकून सलाम. वि. वि.

टोपी घालते. पाणी उकळते. तुमचे पत्र मिळाले, आणि ओमुर्झाककाकांनी लग्नातली मिठाईही दिली.

आजोबा, शंभर म्हणजे रस्त्याची रुंदी. सिनेमा बघायला ती लागते. तुम्हाला एक बकरा न्यायचा आहे, शंभर गाड्यांचा रस्ता घेऊन करता काय? पॅकेज परत लहान करून घ्या.

तुमच्या कामाचे काय ते ओमुर्झाककाकांवरून सांगते. त्यांनी तुमचा निरोप नेऊन माझे उत्तर आणायला किती वेळ लावला, तो झाला पिंग. तुम्ही टाच मारलीत की निरोप खेळाच्या यंत्राकडे जातो, तिथून उत्तर येते, तेव्हा घोडा हलतो. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. साठाच्या आत असेल तर उत्तम. दीडशेच्या वर गेला की तुम्ही बघता तो बकरा शिळा असतो.

दुसरे असे, की काका रोज तेवढाच वेळ घेतात, की एक दिवस लवकर येतात आणि एक दिवस लग्नात अडकतात? या चलबिचलीने घोडा अडखळतो. आणि तिसरी गळती. वाटेत गाडीतून काही पत्रे पडली, तर घोडा एक पाय वर धरून उभाच. शंभर निरोपांतला एकही हरवता कामा नये. गाडी लहान चालेल. वेळेवर येणारी आणि काही न सांडणारी हवी.

कॉम्प्युटरवर हे तिन्ही मोजायचे कसे, ते मागच्या पानावर चित्र काढून दिले आहे. दिवसातून तीनदा मोजा, वहीत लिहा, त्या वेळी घरात काय चालले होते तेही लिहा. आणि राउटर कुठे ठेवला आहे ते कळवा.

ताईत राहू द्या. तो कुणाच्या वाटेत येत नाही. आजीला फोन करू द्या, नाहीतर ती मॉस्कोला चालत जाईल.

तुमची, आणि घोड्याचीही,
पेरिझात


अत-बाशी,
बुधवार, १८ ऑक्टोबर

चि. पेरिझात हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे चित्र मास्तरांना दाखवले नाही, ते मलाच शिकवायला बसतील. वही मात्र इमानाने ठेवली, आणि पोरी, मला कारण सापडले आहे.

शनिवारी सकाळी पिंग ७४०, शंभरात बावीस निरोप गळाले. दुपारी ९१०. संध्याकाळी आजीचा भाऊ कोचकोरहून अचानक जेवायला आला. सहज मोजले तर ३८, गळती शून्य! तो उठून गेला, आजीने घर आवरले, पुन्हा ८००. रविवारी मास्तरांना सर्दी होती म्हणून खेळ नव्हता. सोमवारी मुद्दाम शेजारच्या दोन घरांना जेवायला बोलावले, ते बसले होते तोवर ४१. काल कुणी नव्हते, ८६०.

तेव्हा उघड आहे. पाहुण्याच्या पायाबरोबर बरकत येते हे आपले वाडवडील सांगत आले, इंटरनेटचे तेवढे ठाऊक नव्हते. पाहुणा मात्र रीतसर लागतो. एक शेजारीण चुलीजवळ उभ्याउभ्या चहा पिऊन गेली, तिने तसूभर फरक पडला नाही. तिच्यासाठी रजया अंथरल्या नव्हत्या, मान पुरा झाला नाही.

दोन मेंढ्या कापून झाल्या. तुझ्या आजीचे गुडघे सुजले आहेत आणि ती मला नाव घेऊन न सांगण्याजोगे बोलते. रविवारच्या सामन्यासाठी मी बारा जणांना आवतण दिले आहे. आता काळजी अशी, की बारा माणसांच्या गलक्यात मी खेळणार कसा? शिवाय त्यांतला एक तुर्दुबायचा मेव्हणा आहे. बारांऐवजी तिघे पुरतील का? जेवण संपून पाहुणे पेंगू लागले तर बरकत उतरते का? तुमच्या ऑफिसात कुणाला विचारून बघ.

राउटर कुठे आहे विचारतेस. तो त्याच्या जागी आहे. चोरीची भीती नको.

सर्दी सांभाळ. तुझ्या उत्तरावर रविवार टांगला आहे.

आजोबा


बिश्केक,
शुक्रवार, २० ऑक्टोबर

ती. आजोबांस सलाम. वि. वि.

ओमुर्झाककाका गाडी चालू ठेवून दाराशी उभे आहेत, म्हणून थोडक्यात.

तुमची वही ऑफिसात मोठ्याने वाचली. आमचे साहेब टेबलाखाली गेले. त्यांना पेन शोधायचे होते, असे ते म्हणतात.

आजोबा, बरकतीला माझा नकार नाही. पण पाहुणा आला की आजी काय करते? अंथरायला संदुकीवरची रजयांची चळत उतरवते, संदूक उघडून आतले चांगले पेले काढते, आणि पाहुणा जाईपर्यंत झाकण उघडेच राहते. शेजारिणीसाठी तिने यातले काही केले नाही. आणि घरात मोलाची वस्तू आली की ती संदुकीत जाते, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलेत. आता खरे सांगा, भोक कशाला पाडलेत?

ती पत्र्याने मढवलेली संदूक आहे, वर सोळा रजया. त्यातून एखादा निरोप बाहेर पडतो याचेच नवल. राउटर तिथे तापतही असणार, रजया पेटल्या म्हणजे? आजच्या आज बाहेर काढा. उंचावर, उघडा ठेवा. सोबत एक तार पाठवते, ती राउटरमधून सरळ कॉम्प्युटरला जोडा, म्हणजे निरोपाला हवेतूनही जायला नको.

तिसरी मेंढी सोडून द्या. आजीच्या गुडघ्यांना माझा सलाम.

घाईत पण मायेने,
पेरिझात


अत-बाशी,
सोमवार, २३ ऑक्टोबर

चि. पेरिझात हिस आजोबांचे आशीर्वाद. वि. वि.

भोक संदुकीलाच पाडले होते. झाले लिहून. यावर पुन्हा विचारू नकोस.

राउटर शनिवारी बाहेर काढला. भाजलेल्या बटाट्यासारखा गरम होता. तुझी आजी म्हणाली, उघड्यावर त्याला नजर लागेल, आणि तिने त्यावर भरतकामाचा रुमाल घातला. मी काढला. तिने घातला. शेवटी रुमाल खाली आणि राउटर वर, असा तह झाला. तुझी तार जोडली. सकाळी ३६, दुपारी ३६, संध्याकाळी ३७, गळती शून्य. घरात पाहुणा एकही नाही. मी दर तासाला उठून मोजत होतो, आजी म्हणाली की नवे वासरू झाल्यावरही मी इतका उठलो नव्हतो.

आवतण परत घेता येत नाही, म्हणून बारा जण आले आणि तिसरी मेंढीही गेली. ते सगळे माझ्या पाठीशी दाटीने बसले.

पोरी, घोडा पळाला. मी टाच मारली आणि तो त्याच क्षणी सुटला. बकरा पहिला मी उचलला. तुर्दुबाय बाजूने आला, त्याचा हात मला येताना दिसला, बोटे दिसली. मी दाबून धरले, त्याने ओढले, मी पुन्हा ओढले. आणि त्याने नेला. पुढच्या वेळीही नेला. पाच वेळा नेला, आणि पाचही वेळा मी डोळ्यांनी पाहिले. आम्ही सात-दोन हरलो. वर्षभर मी सगळ्यांना इंटरनेटचे गाऱ्हाणे सांगत आलो, आणि काल बारा माणसांसमोर सांगायला काही उरले नाही. तुर्दुबायच्या मेव्हण्याने तिसऱ्यांदा मांस वाढून घेतले.

मास्तर कॉम्प्युटरवर दिसत होते. मी मनात माझे बोचके बांधून ठेवले होते, की आता बेकतेमिरचे नाव येणार. मग ते म्हणाले, "सादिरकुल, आज तुझ्याकडून बकरा माणसाने नेला. जागा तुझीच."

काल झोपताना खुबा दुखत होता, पूर्वी मैदानावरून आल्यावर दुखायचा तसाच. आजीने चरबी चोळून दिली आणि विचारले, की खुर्चीवर बसून माणसाचा खुबा कसा दुखतो. मी सांगितले, की पाच वेळा ओढाताण झाली.

आता नवी काळजी आहे. तुर्दुबाय माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, डोळ्याला मोतीबिंदू. त्याचा हात इतका चलाख कसा? त्याचे पिंग किती, हे तुला तुमच्या ऑफिसातून बघता येते का? कुणाला न सांगता बघ. आणि त्याचेही छत्तीस निघाले, तर म्हाताऱ्या हाताचा वेग कशाने वाढतो, तेही तिथे कुणाला ठाऊक असेल तर विचार. फोन सुरू केला आहे, पण तो दिवसभर आजीच्या कानाला असतो, म्हणून ओमुर्झाकबरोबर चिठ्ठीच पाठव. रविवार सहा दिवसांवर आला. चार ओळी का असेनात, पण लवकर लिही.

वाट पाहणारा,
आजोबा सादिरकुल